वीतभर काडी : मिस्वाक आणि मुखस्वच्छता

मावला हे आदिलाबाद शहराला खेटून, नागपूर-हैदराबाद महामार्गालगत वसलेले गाव. येथील माझ्या दवाखान्यात तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी या चारही भाषा एकाच बाकावर बसलेल्या असतात. ‘दात कशाने घासता?’ या प्रश्नाला मात्र चाराहून अधिक उत्तरे मिळतात : ब्रश, कडुनिंबाची काडी, बाभळीची काडी, राख, कोळसा, मशेरी आणि मिस्वाक. स्मरणिकेसाठी विषय निवडताना यांपैकी शेवटचे उत्तर निवडले, कारण त्याबाबतीत माझी स्वतःची चूक झालेली आहे.

काही वर्षांपूर्वी साठीचे एक पाचवक्ती नमाजी गृहस्थ हिरड्यांतून रक्त येते म्हणून आले. खिशात मिस्वाक होती. घाईगर्दीच्या वेळी मी त्यांना सांगितले, “चाचा, ही काडी आता सोडा, ब्रश घ्या.” ते नम्रपणे उठले आणि पुन्हा आले ते तब्बल दोन वर्षांनी. समोरचे दात चकचकीत, पण खालच्या दाढांना जिभेकडील बाजूने टार्टरचा जाड थर आणि दोन दाढा हलत असलेल्या. इतके दिवस का आला नाहीत, असे विचारल्यावर ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आपण सुन्नत सोडायला सांगितलंत.” त्या दोन दाढा काढाव्या लागल्या. त्यानंतर मी या विषयाचे वाचन सुरू केले.

इस्लाममध्ये मिस्वाक ही केवळ सवय नाही. अनुयायांवर भार पडेल अशी भीती नसती तर प्रत्येक नमाजाच्या वेळी ती करण्याची आज्ञा दिली असती, या आशयाचे पैगंबरांचे वचन बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. अंतिम आजारातही त्यांनी मिस्वाक केली. हजरत आयेशा यांनी ती स्वतः चावून मऊ करून दिली, असे हदीस सांगते. वजूच्या वेळी, झोपेतून उठल्यावर, तोंडाला वास येऊ लागल्यावर ती करावी, असे धर्मशास्त्र म्हणते. म्हणजे दिवसातून अनेकदा तोंड स्वच्छ करण्याचा हा संस्कार आहे. आम्ही दंतवैद्य दोनदा ब्रश करा म्हणून कंठशोष करतो, तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी.

वाचताना एका ठिकाणी मात्र मी थबकलो. हनफी ग्रंथांत मिस्वाकीचे माप दिले आहे : करंगळीएवढी जाड आणि वीतभर लांब. सुश्रुतसंहितेत दंतधावनाची काडी करंगळीएवढी जाड व बारा अंगुळे लांब सांगितली आहे. आणि बारा अंगुळे म्हणजे आपल्याकडची एक वीतच! कोणी कोणाकडून घेतले, या वादात मी पडणार नाही. हाताच्या मापाने काडी कापणाऱ्या माणसाला दोन्हीकडे तेच माप सोयीचे वाटले असावे, एवढेच म्हणतो. सुश्रुताने कडू काड्यांत निंब व तुरट काड्यांत खैर श्रेष्ठ मानला आहे.

मिस्वाक मुख्यतः ज्या झाडाच्या मुळापासून करतात त्याला अरबीत ‘अराक’, मराठीत पिलू किंवा खाकण म्हणतात. शास्त्रीय नाव साल्व्हाडोरा पर्सिका. हे कोरड्या व खारवट जमिनीचे झाड. आमच्या सागवानी मुलुखात मी ते कधी पाहिलेले नाही. येथे मिळते ती बाहेरून आलेली, पाकीटबंद. मुळात सिलिका, टॅनिन, क्लोराइड आणि गंधकयुक्त द्रव्ये असतात. चावताना जो तिखट झणका येतो तो बेंझिल आयसोथायोसायनेटचा. हिरड्यांचे रोग निर्माण करणाऱ्या काही ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना हे द्रव्य मारते, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०११ साली प्रयोगशाळेत दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८०च्या दशकात, जेथे ही प्रथा आहे तेथे अशा काड्यांच्या वापरास उत्तेजन दिले होते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९९०च्या सुमारास सौदी अरेबियात झालेल्या पाहणीत मिस्वाक वापरणाऱ्यांच्या हिरड्या अधिक ठिकाणी मागे सरकलेल्या आढळल्या. उलट २००३ साली तेथीलच एका छोट्या अभ्यासात, रीतसर शिकवून दिलेली मिस्वाक ब्रशपेक्षाही सरस ठरली. दोष काडीचा नसून हाताचा होता. काडीचा कुंचला दांड्याच्या रेषेतच असतो, ब्रशसारखा आडवा नसतो. त्यामुळे तो दाढांच्या आतल्या बाजूस सहज पोहोचत नाही. माझ्या चाचांचे नेमके तेथेच बिघडले होते. शिवाय किडीपासून संरक्षणासाठी फ्लोराइडयुक्त पेस्टची जागा काडी घेऊ शकत नाही.

आता मी काडी सोडायला सांगत नाही, ती धरायला शिकवतो. टोकाची सुमारे एक सेंटिमीटर साल काढून ते पाण्यात भिजवावे व तंतू सुटेपर्यंत चावावे. काडी लेखणीसारखी हलक्या हाताने धरून हिरडीकडून दाताच्या टोकाकडे न्यावी. आतल्या बाजूस कुंचला किंचित वाकवून एकेक दाढ स्वतंत्र घासावी. तंतू झडू लागले की टोक कापावे. एकाची काडी दुसऱ्याने वापरू नये.

रमजानमध्ये अडचण निराळी असते. दिवसभर लाळ कमी, तोंड कोरडे, आणि पहाटेच्या सहरीत गोड खाणे. हनफी मतानुसार रोजात दिवसभर मिस्वाक चालते. कोकणी मुसलमान ज्या शाफई पंथाचे आहेत, त्यात दुपार ढळल्यावर ती अप्रिय मानतात. म्हणून सल्ला देण्यापूर्वी पंथ विचारावा. सहरीनंतर रोजा सुरू होण्याआधी आणि रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइड पेस्टने ब्रश, व मधल्या वेळी ज्याच्या त्याच्या मतानुसार मिस्वाक, ही विभागणी माझ्या रुग्णांना सहज पटते. दाढदुखी महिनाभर सोसणारेही असतात. त्यांना मी सांगतो की, जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९९७ सालीच, घशात काही गिळले जाऊ न दिल्यास दात भरणे, काढणे वा साफ करणे यांमुळे रोजा मोडत नाही, असे ठरविले आहे. तरीही मन मानत नसेल तर इफ्तारनंतरची वेळ देतो. त्या महिन्यात दवाखाना रात्री थोडा उशिरापर्यंत उघडा ठेवतो.

चाचा अजून दर सहा महिन्यांनी येतात. येताना काडी आणतात, आणि आतल्या बाजूला कशी फिरवतात ते आरशात पाहून मला करून दाखवतात.