परसातील अंड्यांवरच्या कोंबडीचे रोगनिदान : कुही तालुक्याच्या संदर्भात काही विचार

नागपूर शहराच्या आग्नेयेस सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेले कुही आणि त्याच्या भोवतालची गावे हा भात, कापूस, सोयाबीन आणि मिरची पिकविणारा मुलूख होय. येथे अनेक घरांच्या परसात चार-आठ कोंबड्या असतात. शेतीच्या हिशेबात त्यांची नोंद सहसा होत नाही. परंतु घरातील स्त्रीच्या हाती तिचा स्वतःचा म्हणून जो थोडाफार पैसा येतो, तो पुष्कळदा याच अंड्यांचा व पिलांचा असतो. दहा हजार पक्ष्यांच्या कुक्कुटशाळेत एक कोंबडी मेली तर ती केवळ आकड्यातील वजाबाकी ठरते. सहा कोंबड्यांच्या खुराड्यात तीच घटना सहाव्या हिश्शाची हानी असते, आणि उरलेल्या पाचांविषयीची सूचनाही असते. आपली पाठ्यपुस्तके मात्र मुख्यतः कळपाचे वैद्यक शिकवितात. एका कोंबडीस हाती घेऊन तिचे निदान कसे करावे, हा विषय त्यांत ओझरताच येतो. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या बाजूकडे लक्ष वेधण्याचा आहे.

आरंभ एका दृढ समजुतीपासून करणे सोयीचे होईल. कोंबडीची विष्ठा हिरवी झाली की मानमोडी आली, असे खेड्यात सर्रास मानले जाते आणि आपले विद्यार्थीही तोंडी परीक्षेत तेच उत्तर देतात. वस्तुतः हिरवा रंग रोगाचे नाव सांगत नाही. पक्ष्यांच्या पित्तातील प्रमुख रंगद्रव्य बिलिव्हर्डिन असून ते हिरवे असते. पोटात अन्न असेल तोवर हा रंग त्यात मिसळून जातो; कोंबडीने खाणे सोडले की पित्त तसेच खाली उतरते. म्हणजे हिरवी विष्ठा एवढेच सांगते की पक्षी उपाशी आहे. उपाशी का आहे, याचा शोध तेथून पुढे सुरू होतो.

मानमोडी, म्हणजेच राणीखेत रोग, भारतात १९२७ साली कुमाऊँतील राणीखेत येथे आढळला. त्याच्या आदल्याच वर्षी तो जावा बेटात व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे दिसून आला होता. विषाणुजन्य असल्यामुळे त्यावर औषध नाही. लस न दिलेल्या कळपात तो एकीपासून दुसरीस काही दिवसांतच पोहोचतो. कोंबड्या चोच उघडून घरघर श्वास घेतात, अंडी एकदम बंद होतात आणि जगल्या-वाचलेल्यांपैकी काहींची मान पिळल्यासारखी वाकडी होते. यावरूनच मराठी नाव पडले असावे.

परंतु परसातील कोंबडीत हिरवी विष्ठा, सुस्ती आणि पायांतील दुर्बलता यांचे दुसरेही एक कारण असते. कुक्कुटशाळांच्या पिंजऱ्यांत ते फारसे आढळत नसल्याने विसरले जाते. ते म्हणजे स्पायरोकीटजन्य ज्वर. बोरेलिया अन्सेरिना हा त्याचा जंतू अर्गस पर्सिकस या मऊ गोचिडाच्या द्वारे पसरतो. हा गोचीड दिवसा लाकडी खुराड्याच्या फटींत, मातीच्या भिंतीच्या भेगांत लपून राहतो आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितो. म्हणून दिवसा कोंबडी तपासणाऱ्यास तो अंगावर सापडत नाही. त्याच्या अळ्या मात्र पंखाखाली अनेक दिवस चिकटून राहतात, तेव्हा पंख उचलून त्वचा पाहण्याची सवय ठेवावी. या अळ्यांच्या दंशानेच कधीकधी पाय लुळे पडतात, ही गोष्टही ध्यानात असावी.

या दोहोंतील भेद महत्त्वाचा एवढ्यासाठी की पहिल्यावर उपचार नाही आणि दुसरा पेनिसिलिनने बरा होतो. मानमोडी समजून मालकाने जी कोंबडी सोडून दिली किंवा घाईने बाजारात विकली, ती कदाचित वाचविता आली असती. श्वासाची घरघर नसणे, तुरा फिकट पडलेला असणे, आणि कोंबड्या एकाच लाटेत न पडता मागेपुढे आजारी पडणे, ही चिन्हे गोचिडाकडे बोट दाखवितात. ज्वर भरात असताना रक्ताचा पातळ थर काचपट्टीवर घेऊन जिम्साने रंगविला तर नागमोडी जंतू दिसतात. रोगाच्या अखेरीस ते रक्तातून नाहीसे होतात, म्हणून उशिरा घेतलेल्या नमुन्यात काही न आढळल्यास त्यावर विसंबू नये. शवविच्छेदनात येथे प्लीहा मोठी व ठिपकेदार झालेली आढळते; राणीखेतमध्ये ग्रंथिल जठराच्या ग्रंथींच्या टोकांशी रक्तस्राव दिसतो. निदान झाल्यावर केवळ कोंबडीस सुई टोचून काम संपत नाही. गोचीड उपाशीपोटी वर्षाहून अधिक काळ जगू शकतो. खुराडे उन्हात काढणे, फटी लिंपणे, जुने लाकूड बदलणे हे सर्व उपचाराचेच भाग आहेत.

आता एकटीच कोंबडी आजारी असेल तर काय? येथे हातांनी करावयाच्या तपासणीचे मोल मोठे आहे. तिला प्रथम दुरून पाहावे. माणूस जवळ आला की कोंबडी आजार लपविते. मग छातीचे हाड चाचपावे. ते सुरीसारखे टोचत असेल तर आजार कालचा नाही, अनेक आठवड्यांचा आहे. सकाळी दाणे टाकण्यापूर्वी अन्नपुट रिकामे असावयास हवे. ते घट्ट भरलेले असल्यास तणस किंवा दोऱ्याचा गोळा अडकला असण्याचा संभव असतो. शेपटीखाली दोन्ही बाजूंस असलेल्या टोकदार हाडांमधील अंतर बोटांनी मोजावे : दोन-तीन बोटे मावत असतील तर कोंबडी अंड्यांवर आहे, एकच बोट मावत असेल तर नाही. या एका मापाने पुष्कळ गोंधळ वाचतो. अंडी बंद झाली म्हणून तक्रार येते आणि तपासता असे आढळते की कोंबडी खुडूक बसली आहे किंवा पिसे झडून नवी येत आहेत. हे रोग नव्हेत, आणि त्यांवर औषध देणे म्हणजे मालकाचे पैसे वाया घालविणे होय. आंधळ्या आतड्यातून मधूनमधून येणारी तपकिरी, चिकट विष्ठाही अशीच उगाच हगवण समजली जाते.

अंड्यांवरच्या कोंबडीचे खास दुखणे तिच्या प्रजननमार्गाचे. तिचे डावे अंडाशय व डावी अंडवाहिनी तेवढी कार्यक्षम असते. एक अंडे तयार होण्यास सुमारे २५ तास लागतात आणि त्यांपैकी १८ ते २० तास ते कवचग्रंथीत असते. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते. कोंबडी तेवढे आहारातून मिळवू शकली नाही तर आपल्या हाडांतून काढते. भाताची कणी आणि कोंडा यांत कॅल्शियम अत्यल्प असते. केवळ त्यांवर राहणाऱ्या, आणि विशेषतः सुधारित जातीच्या अधिक अंडी देणाऱ्या कोंबडीची ही उसनवारी फार दिवस चालत नाही. कॅल्शियम कमी पडले की कवच पातळ होते, अंडवाहिनीचे स्नायूही दुर्बल होतात आणि अंडे अडकते. कोंबडी शेपूट खाली पाडून ताठ उभी राहते, वारंवार कळ देते, आणि पोटावर हात ठेवता कठीण अंडे लागते. तिला निवांत उबेत ठेवावे, कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवावे, अवस्कराच्या कडेस तेल लावावे आणि पशुवैद्याने कॅल्शियम द्यावे. अंडे दाबून बाहेर काढण्याचा मोह आवरावा. ते आत फुटले की दाह होतो आणि मग उपाय राहत नाही. अंडवाहिनी बाहेर आली असल्यास तर कोंबडीस तत्काळ वेगळे करावे, कारण लाल मांस दिसताच सोबतिणी चोची मारतात. सूज उतरविण्यासाठी तीवर साखर पसरण्याची जुनी युक्ती चुकीची नाही. साखर पाणी ओढून घेते.

विदर्भातील उन्हाळा या प्रश्नात आणखी भर घालतो. नागपूर परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि कोंबडीच्या शरीराचे तापमानच मुळी ४१-४२ अंश. घाम येत नसल्याने ती धापा टाकून उष्णता घालविते. त्यात कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडतो, रक्तातील कार्बोनेटचे संतुलन बिघडते आणि शिंपल्याची पूड पुरेशी मिळूनही कवच पातळ होऊ शकते. मे महिन्यातील मऊ अंड्यावर पहिला उपाय सावली, गार पाणी आणि पहाटेचे दाणे हा आहे.

पोट फुगलेली, बदकासारखी चालणारी कोंबडी बहुधा उदरावरणाच्या दाहाने पछाडलेली असते. येथे प्रतिजैविकांनी तात्पुरता आराम पडतो, पण ती पूर्ववत अंडी देऊ लागल्याचे क्वचितच दिसते. मालकास हे आरंभीच स्पष्ट सांगावे. देवीचे फोड तुऱ्यावरच असतील तर ते आपोआप सुकतात, तोंडात पडदे आले तर मात्र पक्षी दगावू शकतो. जंतांविषयी एकच सूचना पुरे : पिपेराझीन गोल कृमींवर चालते, पट्टकृमींवर नाही, आणि मुंग्या व भुंगे टिपणाऱ्या परसातील कोंबडीत पट्टकृमी नेहमीचेच. भरलेल्या अन्नपुटानिशी तीन-चार कोंबड्या एका दुपारी मेल्या, तर रोगाआधी कीटकनाशक लावलेल्या बियाण्याचा किंवा उंदरांच्या विषाचा संशय घ्यावा आणि त्यांचे मांस कोणासही खाऊ देऊ नये.

औषधांचा आणखी एक प्रश्न आहे. अंड्यातील पिवळा बलक सुमारे दहा दिवस वाढत असतो. त्या काळात कोंबडीस दिलेले औषध त्यात साठते आणि औषध बंद केल्यावरही पुढील कित्येक अंड्यांतून बाहेर येते. एन्रोफ्लॉक्सासिन हे गावोगावी सहज मिळणारे औषध याच वर्गातले. अमेरिकेने ते कुक्कुटांसाठी २००५ साली बंद केले. भारताने खाद्यप्राण्यांतील कोलिस्टिनचा वापर २०१९ साली थांबविला. पोराबाळांना रोज अंडे देणाऱ्या घरी औषध देताना अंडी किती दिवस टाकून द्यावयाची हे न सांगणे हा वैद्याचा दोष मानला पाहिजे.

लशीच्या बाबतीत परसातील अडचण निराळीच आहे. लासोटा किंवा आर-टू-बी लशीची कुपी शंभर वा अधिक मात्रांची असते, ती थंड ठेवावी लागते, आणि एकदा कालविल्यावर सुमारे दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? उष्णता सोसणारी आय-टू ही लस ऑस्ट्रेलियात खेड्यांतील कोंबड्यांसाठीच विकसित झाली ती याच कारणाने. आपल्याकडे तूर्त व्यवहार्य मार्ग एकच : सर्व आळीने दिवस ठरवून, सांजवेळी कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर, एका कुपीत सगळ्यांची लस उरकणे.

शेवटी बर्ड फ्लूविषयी. महाराष्ट्रात तो प्रथम फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या याच एच-५-एन-१ विषाणूने दगावले. गोसीखुर्द धरणाचे पाणी कुही तालुक्यात शिरलेले आहे आणि पाणपक्षी व परसातील कोंबड्या तेथे एकाच काठावर चरू शकतात. हा रोग आणि तीव्र राणीखेत यांतील भेद डोळ्यांनी ठरविता येत नाही. म्हणून एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, पायांवर रक्ताचे डाग दिसले, तर शव जागीच चिरू नये. पशुसंवर्धन विभागास कळवावे, नमुने भोपाळच्या उच्चसुरक्षा प्रयोगशाळेकडे त्यांच्यामार्फत जातात. असा संशय नसेल आणि एखादीच कोंबडी मेली असेल, तर शव दुहेरी पिशवीत घालून बर्फावर ठेवावे, गोठवू नये, आणि त्याच दिवशी नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पोहोचवावे. पिसांच्या आवरणामुळे कोंबडीचे शव आतून लवकर थंड होत नाही, आणि उन्हाळ्यात काही तासांतच ग्रंथिल जठरावरील ते सूक्ष्म डाग ओळखता येईनासे होतात.