एका मास्तरांचे दोन संसार

वाचकहो, बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात काडू मल्लेश्वराचे जुने देवालय आहे. १८९८ च्या प्लेगनंतर येथे नवी वसाहत आखण्यात आली आणि तिने या देवाचेच नाव धारण केले. देवस्थान मात्र त्याहून पुष्कळ प्राचीन. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी या देवाला दिलेल्या दानाचा उल्लेख १६६९ च्या शिलालेखात आढळतो. मराठी माणसाचा कानडी मुलुखाशी असलेला ऋणानुबंध इतका जुना आहे. राजाच्या दानाला शिलालेख मिळतो; शिक्षकाच्या दानाला तसा दगड क्वचितच लाभतो. म्हणून या ऋणानुबंधाचे एक थोर वारस, धारवाडचे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे, यांचे स्मरण आपण येथे करू या. कन्नडचे वरकवी म्हणून साऱ्या भारताला ते परिचित आहेत. आपण त्यांच्याकडे शिक्षक आणि गृहस्थ या नात्याने पाहू.

बेंद्रे यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाडास झाला. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर कानडी, असे त्यांचे बालपण गेले. पितृछत्र लहानपणीच हरपले. पुढे कविता लिहिताना त्यांनी ‘अंबिकातनयदत्त’ हे नाव घेतले. त्यात आईचे नाव आधी आणि मग आपले. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९१८ साली ते बी. ए. झाले, आणि धारवाडला परतून व्हिक्टोरिया हायस्कुलात शिकवू लागले.

त्या काळी कन्नड प्रदेश मुंबई, मद्रास, म्हैसूर, हैदराबाद व कुर्ग अशा निरनिराळ्या कारभारांत विखुरलेला होता. धारवाडच्या बाजूस शिक्षणात आणि कचेऱ्यांत मराठीचे वजन मोठे. अशा वेळी मराठी घरातल्या या तरुण शिक्षकाने कन्नडची कास धरली. १९२२ च्या सुमारास ‘गेळेयर गुंपु’ हे मित्रमंडळ जमले. त्यातून काव्य, चर्चा, नियतकालिके यांना बहर आला. नवरात्रात ‘नाडहब्ब’ साजरा करण्याच्या प्रथेलाही चालना मिळाली. आपण कोणत्या घरात जन्मलो यापेक्षा आपल्यापुढे कोणाची मुले बसली आहेत, हे शिक्षकाने पाहावे, असाच जणू त्यांच्या वागण्याचा अर्थ होता.

या निष्ठेचे मोल त्यांना चुकवावे लागले. ‘नरबलि’ या कवितेबद्दल १९३२ साली परकीय सरकारने त्यांना कारावासात धाडले. सुटकेनंतर कित्येक वर्षे स्थिर नोकरी मिळाली नाही. संसार तर मागे होताच. तशाही स्थितीत १९३५ मध्ये त्यांनी एम. ए. ची परीक्षा दिली. ज्येष्ठ कथाकार मास्ती वेंकटेश अय्यंगार यांनी स्नेहाचा हात पुढे केला, आणि ‘जीवन’ मासिकाच्या कामात बेंद्रे रमले. अखेर १९४४ साली, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, सोलापूरच्या डी. ए. व्ही. महाविद्यालयात त्यांना कन्नडच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. मराठी घरातला मुलगा, मराठी बोलणाऱ्या शहरात, कन्नड शिकवू लागला! तेथे बारा वर्षे अध्यापन करून १९५६ मध्ये ते निवृत्त झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला विखुरलेला कन्नड प्रदेश बव्हंशी एका राज्यात आला.

आणि घरचा संसार? त्यात दुःखाला तोटा नव्हता. नऊ अपत्यांपैकी सहा त्यांनी आणि पत्नी लक्ष्मीबाईंनी गमावली. मुलाच्या मृत्यूनंतर आईची जी नजर बापाला सोसवत नाही, तिच्यावर त्यांनी लिहिलेली कविता कर्नाटकात आजही अनेकांना मुखोद्गत आहे. ‘सखीगीत’ या दीर्घ काव्यात त्यांनी आपल्या सहजीवनाचीच कथा सांगितली. लोककार्यात गढलेल्या माणसाच्या घरातले अश्रू बहुधा घरातच सुकतात. बेंद्रे यांनी ते झाकले नाहीत, आणि त्यांचे ओझे एकट्या पत्नीवरही टाकले नाही. आपल्या सर्वोत्तम शब्दांत त्यांनी तिच्या दुःखाला जागा दिली.

निवृत्तीनंतर ते धारवाडच्या आकाशवाणी केंद्राचे साहित्य सल्लागार झाले. १९५८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार, १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९७३ चे ज्ञानपीठ असे सन्मान लाभले. याच वाटचालीत मराठीतही त्यांचे लेखन चालू राहिले. घरच्या भाषेचे बोट त्यांनी सोडले नव्हते. ऑक्टोबर १९८१ मध्ये मुंबईत त्यांचे देहावसान झाले. धारवाडच्या साधनकेरी भागात त्यांचे स्मारक उभे आहे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची बिऱ्हाडे परप्रांतात आहेत. मुलांनी शेजारची भाषा आपली म्हटली, तर घरची भाषा परकी होईल काय, ही शंका तेथे वारंवार डोकावते. बेंद्रे यांचे आयुष्य तिचे उत्तर देते. दुसरी भाषा मनापासून जवळ केली, म्हणून पहिली त्यांना दुरावली नाही. आपल्याही गावात असे एखादे निवृत्त मास्तर किंवा बाई असतील. स्मारक उभारणे आपल्या हाती नसेल. पण एखाद्या सायंकाळी मुलांना घेऊन त्यांच्या घरी जाणे, त्यांनी काय शिकवले हे विचारणे, आणि त्यांच्यासाठी घरच्यांनी काय सोसले तेही आवर्जून ऐकणे, एवढे तर खासच आहे.