जुन्या पद्मिनीला हेडर बसवताना

पांढुर्णा-सौंसरकडे कुणाच्या दारात जुनी, १०८९ सीसीची प्रीमियर पद्मिनी असेल, तर धूर बाहेर नेणाऱ्या हेडरचा मोह होतोच. मूळच्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये चारही सिलिंडरांचा धूर लगेच एकत्र येतो आणि एकाचा दाब दुसऱ्याला अडवतो. हेडरमध्ये प्रत्येकाला वेगळी पोलादी नळी मिळते. पहिला-चौथा, दुसरा-तिसरा अशा जोड्या केल्या, की धुराचे धक्के सारख्या अंतराने निघतात.

बसवताना फ्लँज सपाट आहे ना, हे पट्टी लावून पाहा. गॅस्केट नवी घाला. नट मधल्यापासून बाहेरच्या बाजूला आवळत जा. इंजिन तापून गार झाल्यावर पुन्हा आवळा. कार्ब्युरेटरचं मिश्रण तपासून घ्या. सायलेन्सर मात्र काढू नका. आवाजाची मर्यादा ओलांडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.