मोटारीचे निदान : शेजाऱ्याचा सल्ला व त्याची पारख

चालती मोटार अकस्मात थांबली की तिच्याभोवती चार माणसे जमतात आणि चार उपाय सुचवितात. एक म्हणतो, बॅटरी बदला. दुसऱ्याच्या मते पेट्रोलमध्ये कचरा असावा. तिसरा प्लग काढून पाहावयास सांगतो. चौथ्याच्या मोटारीला गतवर्षी हेच झालेले असते आणि तिला जो उपाय केला तोच येथे करावा, असा त्याचा आग्रह असतो. हे चौघेही मोटार बाळगणारे, अनुभवी व सद्भावनेने बोलणारे असतात. तथापि चौघांचे म्हणणे एकाच वेळी खरे ठरण्याचा संभव फार थोडा. मग मालकाने कोणाचे ऐकावे? या नित्याच्या प्रश्नाचा शास्त्रीय रीतीने विचार कसा करता येईल, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. उदाहरणासाठी आपण रायपूर शहरातील तात्यापारा ही वस्ती घेऊ.

स्थळ आणि काळ

‘पारा’ म्हणजे छत्तीसगढीत वस्ती. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर बसला आणि त्यानंतर मराठी कुटुंबे या प्रदेशात येऊन स्थायिक होत गेली. तात्यापारा ही रायपुरातील त्यांच्या जुन्या वस्त्यांपैकी एक होय. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर ही एकाच राज्यातील शहरे होती, व आजही येथील कित्येक कुटुंबांचे सोयरसंबंध नागपूरकडे आहेत. साहजिकच लग्नसराईत दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा सुमारे २९० किलोमीटरांचा प्रवास मोटारीने घडतो, आणि तोही बहुधा भर उन्हाळ्यात.

मोटारीच्या परीक्षेला हे ठिकाण फार उपयुक्त आहे. मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. जूनच्या उत्तरार्धापासून जोराचा पाऊस पडतो. डिसेंबरातील पहाट थंड असते. तात्यापारा चौकातून जाणारा जी. ई. रोड शारदा चौकाच्या बाजूस अरुंद आहे. त्याच्या रुंदीकरणाची चर्चा वर्षानुवर्षे होत आली आहे. अशा रस्त्यावर मोटार मुंगीच्या पावलांनी सरकते, आणि शहराबाहेर पडताच तीच मोटार महामार्गावर वेगाने धावते. एकाच यंत्राला एकाच दिवशी दोन विरुद्ध परिस्थितींतून जावे लागते. ही गोष्ट निदानाच्या दृष्टीने किती मोलाची आहे, हे पुढे दिसेलच.

सल्ल्याची परंपरा

मोटारमालकांनी एकमेकांस साहाय्य करण्याची प्रथा मोटारीइतकीच जुनी आहे. इंग्लंडात १९०५ साली मोटारमालकांचा संघ स्थापन झाला. वेगमर्यादेसाठी पोलिसांनी रचलेल्या सापळ्यांची सूचना सभासदांना द्यावी, हा त्याचा आरंभीचा हेतू होता. पुढे वाटेत बंद पडलेल्या मोटारींना मदत करणे हे त्याचे मुख्य कार्य बनले. मुंबईत १९१९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था निघाली.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतातील रस्त्यांवर मोटारींचे प्रकार मोजकेच होते. उत्तरपाडा येथील अँबॅसडर आणि कुर्ला येथील फियाट या दोन गाड्यांनीच बहुतेक रस्ता व्यापला होता. रचना वर्षानुवर्षे जवळजवळ तीच राहिल्यामुळे एका मालकाचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडे. शेजाऱ्याच्या फियाटला जे झाले तेच आपल्या फियाटला होण्याचा संभव मोठा होता. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि त्यानंतर हे चित्र पालटू लागले. आज एकाच गल्लीत दहा प्रकारच्या मोटारी उभ्या असतात, व त्यांतील यंत्रणाही एकमेकींहून भिन्न असतात. म्हणून सल्ला घेताना तो कोणत्या मोटारीच्या अनुभवातून आला, हे प्रथम विचारले पाहिजे.

ओल्या फडक्याची गोष्ट

एका प्रसिद्ध सल्ल्याचे उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात जुनी फियाट वा अँबॅसडर चढावर किंवा गर्दीत बंद पडली की जाणते मालक पेट्रोलच्या पंपावर ओले फडके ठेवीत. थोड्या वेळाने गाडी सुरू होई. हा उपाय म्हणजे अंधश्रद्धा नव्हती. त्यामागे उत्तम पदार्थविज्ञान होते.

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक ३५ ते ४० अंश सेल्सिअस तापमानालाच उकळू लागतात. जुन्या मोटारीत पंप तापलेल्या इंजिनावरच बसविलेला असे व तो मागील टाकीतून पेट्रोल ओढून घेई. ओढताना नळीतील दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव अधिकच लवकर उकळतो. मग नळीत वाफेचे बुडबुडे होत. पंप द्रव ढकलू शके. वाफ मात्र नुसतीच दाबली जाई आणि कार्ब्युरेटरपर्यंत काहीच पोहोचत नसे. ओल्या फडक्यातील पाण्याचे बाष्पीभवन होताना ते पंपातील उष्णता शोषून घेई; माठातील पाणी ज्या तत्त्वाने थंड होते तेच हे तत्त्व. पंप निवला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होई.

आता हाच सल्ला आजच्या मोटारीस देऊन पाहा. तिला कार्ब्युरेटर नाही. तिचा विद्युत्‌पंप टाकीतच पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि तो सामान्यतः वातावरणाच्या तिप्पट वा अधिक दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो. वाढत्या दाबाखाली द्रव सहजासहजी उकळत नाही. अशी मोटार तापल्यावर बंद पडत असेल तर कारण बहुधा वेगळे असते : पंप दुबळा झालेला असेल, एखादा रिले दगा देत असेल, किंवा इंजिनाची गती मोजणारा संवेदक तापल्यावर काम सोडीत असेल. येथे ओले फडके निरुपयोगी तर आहेच, शिवाय विजेच्या जोडांत पाणी जाऊन नवा बिघाड होण्याची भीती आहे. सल्ला देणारा वडीलधारा खोटे सांगत नसतो. त्याचे सत्य ज्या यंत्राशी बांधलेले होते ते यंत्र मात्र बदललेले असते.

‘काय झाले’ याआधी ‘केव्हा झाले’

इंजिन तापते, ही तक्रार अपुरी आहे. ते केव्हा तापते, हे सांगितल्यावर तिला अर्थ येतो.

समजा, एक मोटार तात्यापारा चौकातील गर्दीत तापते, पण महामार्गावर तिचा काटा योग्य जागी राहतो. महामार्गावर वेगामुळे रेडिएटरमधून वारा आपोआप वाहतो. गर्दीत मात्र तो पंख्यालाच ओढावा लागतो. म्हणजे संशय पंख्यावर, त्याच्या मोटरवर अथवा तो चालू करणाऱ्या स्विचवर जातो. उलट दुसरी मोटार शहरात ठीक चालते, पण राजनांदगावच्या पुढे वेगात असताना तापते. वेगात इंजिन अधिक उष्णता निर्माण करते. तेव्हा रेडिएटर आतून गाळाने वा बाहेरून धुळीने व किड्यांनी बुजलेला असावा, किंवा कूलंट कमी झालेले असावे. तिसरी मोटार दोन्ही ठिकाणी तापत असेल तर कूलंटची पातळी, थर्मोस्टॅट व पाण्याचा पंप यांकडे लक्ष द्यावे. अशा प्रकारे एकाही भागाला हात न लावता, केवळ दोन रस्त्यांवरील निरीक्षणांची तुलना करून निम्मे निदान होते.

बॅटरी आणि ओहमचा नियम

“दिवे तर लागतात, म्हणजे बॅटरी चांगली आहे,” हे वाक्य मोटारमालकांच्या बैठकीत हमखास ऐकू येते. ते तपासून पाहू.

बॅटरीच्या टोकावर पांढरट वा हिरवट क्षार जमून तेथे ०.०५ ओहम इतका अल्प रोध निर्माण झाला आहे, असे धरा. पुढच्या दिव्यांना सुमारे १० अँपिअर प्रवाह लागतो. ओहमच्या नियमानुसार त्या जोडात १० × ०.०५ म्हणजे अवघा अर्धा व्होल्ट खर्च होतो आणि दिवे बरे दिसतात. पण सेल्फला १५० अँपिअर हवे असतील, तर इतका प्रवाह वाहण्यासाठी १५० × ०.०५ म्हणजे ७.५ व्होल्ट त्या एका जोडातच खर्ची पडावे लागतील. १२ व्होल्टांपैकी उरणार काय? सेल्फ फक्त ‘टक्‌’ असा आवाज करून थांबतो. अशा वेळी नवी बॅटरी विकत घेणे व्यर्थ होय. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने टोके स्वच्छ करून, कोरडी करून, घट्ट बसविणे पुरे होते.

म्हणून दिवे लावून ठेवून सेल्फ मारावा व निरीक्षण करावे. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा जोड खराब आहेत. दिवे तसेच प्रखर राहिले आणि सेल्फ मुळीच फिरला नाही, तर दोष सेल्फच्या मार्गात आहे. सेल्फ जोमाने फिरला पण इंजिन पेटले नाही, तर बॅटरीला दोष देऊ नये. इंधन अथवा ठिणगी यांचा शोध घ्यावा. व्होल्टमापक जवळ असल्यास अधिक उत्तम. काही तास स्वस्थ असलेली पूर्ण भारित बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असताना हा आकडा साधारणतः १४ च्या आसपास असावा; तो १२ च्या जवळ राहून उतरत गेला तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासावा.

बॅटरी हिवाळ्यात दगा देते म्हणून थंडीला दोष दिला जातो. रासायनिक क्रियांचा वेग १० अंश तापमानवाढीस स्थूलमानाने दुप्पट होतो. त्यामुळे बॅटरीची झीज खरोखर उन्हाळ्यातच होते. डिसेंबरात घट्ट झालेले तेल इंजिनाला जड करते आणि मे महिन्यातील ते नुकसान उघडे पडते.

जे बिघाड नव्हेत

कित्येक खर्च अशा लक्षणांपायी होतात, जी मुळी दुखणी नसतात. वातानुकूलन चालू असता मोटारीखाली स्वच्छ पाणी ठिबकते. ते हवेतील बाष्प थंड होऊन झालेले पाणी होय. ठिबकणारा द्रव रंगीत किंवा तेलकट असेल तर मात्र दखल घ्यावी. थंडीच्या सकाळी धुराड्यातून थोडा वेळ पांढरी वाफ निघते. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिचे नवल वाटणार नाही. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येतच राहिला, तर कूलंट सिलिंडरमध्ये जात असावे. निळसर धूर इंजिनतेल जळत असल्याचे, तर पेट्रोल मोटारीचा काळा धूर पेट्रोल गरजेपेक्षा अधिक जात असल्याचे चिन्ह आहे.

सांकेतिक आकडा म्हणजे निदान नव्हे

अलीकडच्या मोटारी स्वतःच स्वतःची तपासणी करतात. दोष आढळल्यास समोरच्या फलकावर इंजिनाचा दिवा लागतो व एक सांकेतिक आकडा नोंदला जातो. स्वस्त उपकरणाने तो कोणासही वाचता येत असल्यामुळे आता सल्ला नव्या रूपात मिळतो : “पी ०१७१ आला? मग ऑक्सिजनचा संवेदक बदला.” या संकेताचा अर्थ एवढाच की, मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा अधिक झाली आहे. हवेची रबरी नळी फाटली असली, इंधनाचा दाब कमी असला किंवा हवामापक मळला असला, तरीही हाच संकेत येतो. संवेदकाने केवळ वार्ता दिली. वार्ताहरास बदलून वार्ता खोटी ठरत नाही.

सल्ल्याची सीमा

काही ठिकाणी प्रयोगाला जागा नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. झाकणाने सुमारे एक वातावरण एवढा अधिक दाब धरून ठेवलेला असल्यास आतील पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता राहू शकते. झाकण फिरवताच दाब नाहीसा होतो आणि त्याच क्षणी पाण्याची वाफ होऊन ते अंगावर उसळते. इंजिन बंद करून, ते हाताला थंड लागेपर्यंत थांबणे हाच उपाय. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली शिरू नये. बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो, म्हणून तिच्याजवळ विडी, काडी वा ठिणगी नसावी. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची गळती आणि विद्युत्‌मोटारींतील नारिंगी रंगाच्या उच्चदाबाच्या तारा यांच्याबाबत शेजाऱ्याचा सल्ला एकच असावा : गाडी उभी करा आणि कुशल मिस्त्रीस बोलवा.

एक वही

या सर्वांतून एक साधी रीत हाती येते. सल्लागारास उपाय विचारण्याऐवजी परीक्षा विचारावी : “तुमचे म्हणणे खरे असेल तर मला काय दिसले पाहिजे? आणि खोटे असेल तर काय?” ज्या सल्ल्याला या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रथम आजमावावा, अनेक असल्यास बिनखर्चाचा आधी, खर्चाचा मागाहून. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. कारण प्लग, फिल्टर आणि बॅटरी एकदम बदलून मोटार सुरू झाली, तर दोष कोठे होता हे कोणालाच कळत नाही आणि तो पुन्हा उद्भवल्यास ज्ञान शून्यच राहते.

अखेरीस प्रत्येक मोटारीत एक लहान वही असावी. तारीख, फिरलेले किलोमीटर, हवा, रस्ता, लक्षण, केलेली परीक्षा आणि तिचा निकाल एवढे तीत लिहावे. फसलेले उपायही लिहावेत, कारण त्यांमुळे पुढच्याचा खर्च वाचतो. एका वस्तीतील दहा मालकांनी आपल्या वह्या वर्षातून एकदा एकत्र ताडून पाहिल्या, तर कोणता बिघाड कोणत्या गाडीला, कोणत्या ऋतूत होतो, हे त्यांना स्वतःच्या आधारावर सांगता येईल. मे महिन्यात नागपूरच्या वाटेवर मुलाबाळांसह निघालेल्या कुटुंबाला अशा नोंदींचा उपयोग निघण्यापूर्वीच होतो : पंखा फिरतो ना, कूलंट पुरेसे आहे ना, बॅटरीची टोके स्वच्छ आहेत ना, हे घराच्या दारातच पाहून घेता येते.