परभाषा जिभेवर कशी बसते
(फ्रान्समधील एका शिक्षक-उमेदवाराचा अभ्यासक्रम)

भाषेच्या मंदिरास दोन दरवाजे आहेत. एक डोळ्यांचा व दुसरा कानांचा. शाळेंत आपण बहुधा पहिल्याच दरवाजानें आंत शिरतों. धडा वाचतों, शब्दांचे अर्थ वहींत उतरून घेतों, व्याकरणाचे नियम पाठ करतों, आणि लेखी परीक्षेंत गुणही बरे मिळवितों. परंतु तीच भाषा बोलणारा कोणी परका मनुष्य समोर येऊन उभा राहिला, कीं आपली जीभ टाळ्यास चिकटते. ही अडचण केवळ आपल्याकडील मुलांचीच आहे असें मानण्याचें कारण नाहीं. इंग्लंड व फ्रान्स हे दोन देश जेथें एकमेकांच्या अगदीं जवळ येतात, तेथें त्यांच्यामधील समुद्र सुमारें ३३ किलोमीटर रुंद आहे. निरभ्र दिवशीं एका किनाऱ्यावरून दुसरा दिसतो. तरीसुद्धां फ्रान्समधील सुशिक्षित तरुणांस इंग्रजी बोलणें तितकेंच कठीण जातें. ह्या तरुणांपैकीं जे शिक्षक होऊं पाहतात, त्यांस तर तोंडी परीक्षेंत बोलूनच दाखवावें लागतें. ते ह्या परीक्षेची तयारी कशी करतात, हें ह्या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस त्यांतून घेण्यासारखें पुष्कळ आहे.

प्रथम ह्या परीक्षेचें स्वरूप पाहूं. फ्रान्समध्यें सरकारी शाळेंत कायम शिक्षक होण्यासाठीं स्पर्धा-परीक्षा द्यावी लागते. अमुक गुण मिळाले म्हणजे उत्तीर्ण, असा तेथें हिशेब नसतो. त्या वर्षीं भरावयाच्या जागांची संख्या जाहीर होते व गुणानुक्रमें तितकेच उमेदवार घेतले जातात. माध्यमिक शाळांच्या शिक्षकांसाठीं 'कापेस' नांवाची परीक्षा १९५० सालीं सुरू झाली. तिचे दोन टप्पे आहेत. आधीं लेखी परीक्षा, व तींत जे निवडले जातात त्यांनाच तोंडी परीक्षेचें बोलावणें येतें. २०२२ सालीं लागू झालेल्या योजनेप्रमाणें इंग्रजीच्या उमेदवारास अभ्यासासाठीं कांहीं साहित्य देत, तयारीस ३ तास मिळत, आणि नंतर परीक्षक-मंडळासमोर १ तास बसावें लागे. त्यांतील एक भाग इंग्रजींत बोलावयाचा, व दुसऱ्या भागांत तें साहित्य वर्गांत कसें उपयोगांत आणाल हें फ्रेंच भाषेंत सांगावयाचें. प्राथमिक शिक्षकही ह्या चिंतेंतून सुटला नाहीं. कारण २०१३ च्या शिक्षणविषयक कायद्यानें सक्तीच्या शिक्षणाच्या आरंभापासूनच मुलांस एक परकी भाषा शिकविण्याचें ठरविलें.

लेखी परीक्षेंत वर आलेला उमेदवार तोंडी परीक्षेंत अडखळला, तर त्याची वर्षाची मेहनत वायां जाते. पण ह्याहूनही मोठी एक गोष्ट येथें पणास लागलेली असते. इतर परीक्षार्थी चुकला तर त्याचें स्वतःचें नुकसान होतें. शिक्षक चुकीचा उच्चार शिकला तर वर्गांतील सारीं मुलें तोच उच्चार घरीं घेऊन जातात, आणि लहानपणीं कानांत बसलेलें जन्मभर निघत नाहीं. म्हणून शिक्षकाची जीभ ही त्याची एकट्याची मालमत्ता नव्हे. ती वर्गाची ठेव आहे.

आतां फ्रेंच माणसास इंग्रजी बोलतांना नेमकें कोठें अडतें तें पाहूं. फ्रेंच लिपींत 'ह' साठीं अक्षर आहे, पण तें उच्चारीत नाहींत. त्यामुळें 'मला भूक लागली आहे' असें सांगूं पाहणारा तरुण 'हंग्री' मधील 'ह' गिळतो, व ऐकणारास 'अँग्री', म्हणजे 'मी रागावलों आहें', असें ऐकूं येतें! 'थिंक' मधील वर्ण जिभेचें टोंक दांतांपाशीं आणून सोडावयाचा असतो. फ्रेंच जीभ तेथें 'स' करते, व विचार करणारा मनुष्य 'सिंक' म्हणजे बुडूं लागतो. ऱ्हस्व व दीर्घ इकारांचा भेद त्या भाषेंत नसल्यामुळें 'राहणें' ह्या अर्थाचा 'लिव्ह' आणि 'सोडून जाणें' ह्या अर्थाचा 'लीव्ह' हे दोन्ही शब्द एकच होऊन बसतात. फ्रेंच शब्दांच्या शेवटचा 'स' बहुधा मुका असतो. त्या संवयीनें इंग्रजी अनेकवचनाचा 'स' ही मुका होतो, आणि पुस्तक एक कीं दहा हें कळेनासें होतें.

वर्णांहून आघाताची अडचण मोठी आहे. फ्रेंच बोलण्यांत जोर शब्दसमूहाच्या शेवटीं पडतो व बाकीचीं अक्षरें सारख्या पावलांनीं चालतात. इंग्रजींत प्रत्येक मोठ्या शब्दांतील एका विवक्षित अक्षरावर जोर असतो व इतर अक्षरें दबून जातात. 'फोटोग्राफ' मध्यें जोर पहिल्या अक्षरावर, 'फोटोग्राफर' मध्यें दुसऱ्यावर, आणि 'फोटोग्राफिक' मध्यें तिसऱ्यावर! सर्व वर्ण शुद्ध असूनही जोर भलत्याच जागीं पडला, तर ऐकणारास शब्द ओळखूं येत नाहीं. मराठींत असा अर्थभेदक आघात नसल्यामुळें आपल्या मुलांचीही येथेंच फसगत होते.

तिसरी अडचण शब्दांच्या फसव्या सारखेपणाची. इंग्रजींत फ्रेंचमधून शेंकडों शब्द आलेले आहेत, परंतु कित्येकांचे अर्थ मागें पुढें झाले आहेत. इंग्रजी 'लायब्ररी' म्हणजे ग्रंथालय. फ्रेंच 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचें दुकान. इंग्रजी 'ॲक्चुअली' म्हणजे वस्तुतः. त्याच्यासारखा दिसणारा फ्रेंच शब्द 'सध्यां' ह्या अर्थाचा आहे. मराठी वाचकांस हा प्रकार नवा नाहीं. हिंदींत 'शिक्षा' मिळाली तर मुलाचें कल्याण होतें, आणि मराठींत मिळाली तर तो रडत घरीं येतो!

चौथी गोष्ट म्हणजे मातृभाषेंतील वाक्याची घडण परभाषेंत जशीच्या तशी नेणें. 'मी तीन वर्षांपासून येथें आहें' ह्या वाक्यांत फ्रेंच मनुष्य आपल्याप्रमाणेंच वर्तमानकाळ वापरतो. इंग्रजींत तेथें निराळा काळ लागतो. त्यामुळें पॅरिसचा उमेदवार व पुण्याचा विद्यार्थी हे दोघेही 'आय ॲम हिअर सिन्स थ्री यिअर्स' अशी अगदीं एकच चूक करतात. दोन दूरच्या देशांतील माणसें एकाच खड्ड्यांत पडावींत, हें पाहून मौज वाटते व थोडा धीरही येतो.

ह्या अडचणींवर फ्रान्समध्यें फार पूर्वींपासून विचार झाला आहे. सुप्रसिद्ध कवि स्तेफान मालार्मे हा पोटासाठीं इंग्रजीचा शिक्षक होता. शिक्षकाच्या प्रमाणपत्राची तयारी करण्यासाठीं तो १८६२ सालीं लंडनला जाऊन राहिला, आणि १८६३ सालीं तें प्रमाणपत्र मिळवून त्याच वर्षीं तूर्नों गांवच्या शाळेंत रुजू झाला. परंतु समुद्रापार जाऊन राहणें सर्वांसच साधत नाहीं. तेव्हां परभाषेचा ध्वनि घरबसल्या कसा ओळखावा, ह्या प्रश्नानें इंग्रजी शिकविणाऱ्या पॉल पासी ह्या फ्रेंच गृहस्थास ग्रासलें. १८८६ सालीं पॅरिस येथें त्यानें कांहीं भाषा-शिक्षकांस जमवून एक मंडळ स्थापिलें. पुढें तेंच आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र मंडळ म्हणून जगभर प्रसिद्धीस आलें. प्रत्येक ध्वनीस एक स्वतंत्र चिन्ह, हें त्याच्या लिपीचें तत्त्व. देवनागरींत बहुधा लिहिल्याप्रमाणेंच वाचतात, म्हणून आपणांस ह्या कल्पनेचें नवल वाटणार नाहीं. पण ज्यांचीं अक्षरें एक सांगतात व उच्चार दुसरें, अशा भाषांस तें मोठेंच वरदान ठरलें. ह्या पासीचाच शिष्य डॅनिएल जोन्स ह्यानें १९१७ सालीं इंग्रजी उच्चारांचा कोश प्रसिद्ध केला. इकडे फ्रेंच सरकारनेंही १९०२ सालीं, परभाषा त्याच भाषेंतून बोलून शिकवावी, असा दंडक घातला. आणि १९०५ पासून ब्रिटनमधील तरुण साहाय्यक फ्रेंच शाळांत व फ्रेंच तरुण ब्रिटिश शाळांत जाऊं लागले.

आतां प्रत्यक्ष सरावाकडे वळूं. समजा, परीक्षेस दोन महिने उरले आहेत. शहाणा उमेदवार आठवड्यांतून एकदां पांच तास बसण्यापेक्षां रोज अर्धा तास बोलणें पसंत करतो. कारण जिभेचे स्नायू तालमींतल्या पहिलवानाप्रमाणें रोजच्या मेहनतीनेंच वळतात.

त्याचें पहिलें काम ऐकण्याचें. एक मिनिटाचा, चांगल्या वक्त्याचा उतारा निवडून तो अनेक वेळां ऐकावा, आणि मग वक्त्याच्या पाठोपाठ त्याच चालीनें म्हणावा. जोर कोठें पडतो, श्वास कोठें घेतला जातो, ह्याच्या खुणा पेन्सिलीनें कराव्या. नंतर स्वतःचें वाचन ध्वनिमुद्रित करून ऐकावें. पूर्वीं ह्यास मोठें यंत्र लागे. हल्लीं तें घरोघरच्या दूरध्वनींतच असतें. आपलाच आवाज ऐकून प्रथम लाज वाटते, परंतु तो आरसा खोटें बोलत नाहीं.

दुसरें काम जोडीदाराबरोबर बोलण्याचें. जोडीदार इंग्रज असला तर उत्तमच. नसला तर बरोबरीचा उमेदवारही चालतो. एकानें चित्र किंवा उतारा समोर ठेवून पांच मिनिटें बोलावें. दुसऱ्यानें मध्यें न अडवितां ऐकावें, चुका टिपून ठेवाव्या, व शेवटीं त्यांतील मुख्य तीनच सांगाव्या. दर वाक्यास टोंकलें तर बोलणाराचा धीर खचतो, आणि वीस चुका एकदम सांगितल्या तर एकही लक्षांत राहत नाहीं. नंतर प्रश्न विचारावे, व प्रत्येक दिवशीं भूमिका बदलावी. कारण जो परीक्षक होऊन बसतो, त्यास परीक्षकाच्या कानानें ऐकावयास येतें.

तिसरें काम अडचणीची शिदोरी बांधून ठेवण्याचें. प्रश्न समजला नाहीं तर तो पुन्हां सांगण्याची विनंति कशी करावी, शब्द आठवला नाहीं तर त्याचें वर्णन कसें करावें, बोललेलें वाक्य सुधारून कसें घ्यावें, ह्यासाठीं पांचसहा वाक्यें जिभेवर तयार ठेवावीं. 'चाळणी' हा शब्द आठवत नसेल, तर 'जिनें पीठ स्वच्छ करतात ती वस्तु' असें सांगणारा मनुष्य गप्प बसणाऱ्यापेक्षां शतपटीनें भाषा जाणतो. वर्गांत लागणारीं वाक्यें, जसें 'वह्या उघडा', 'पुन्हां एकदां म्हणा', 'तूं सांग बघूं', हींही मोठ्यानें म्हणून बसवावीं. शिक्षकास त्यांचा उपयोग रोज शंभर वेळां पडणार आहे.

एक गोष्ट मात्र कटाक्षानें टाळावी. ती म्हणजे संबंध भाषण पाठ करणें. पाठ केलेलें भाषण दोरीवरून चालण्यासारखें आहे. परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नानें दोरी हलते, व वरचा मनुष्य खालीं येतो. मुद्दे पाठ असावे, वाक्यें तेथल्या तेथें जुळवावीं. तसेंच, आपण जन्मतः इंग्रज आहों असा भास उत्पन्न करण्याचा हट्ट नसावा. लंडनचा, डब्लिनचा, मुंबईचा, प्रत्येकाचा सूर निराळा. बोलणें स्वच्छ, सुसंगत व ऐकणारास सहज कळणारें असलें म्हणजे झालें.

बालमित्रांनो, फ्रेंच उमेदवाराची ही कहाणी दूरची खरी, पण तिच्यांतील पाठ आपल्या घरचा आहे. घरीं इंग्रजी बोलणारें कोणी नाहीं म्हणून हताश होऊं नका. शेजारचा वर्गबंधु, एक पुस्तक व रोजचा अर्धा तास एवढें भांडवल पुरेसें आहे. आणि पालकांस एकच विनंति. मुलगा किंवा मुलगी मोठ्यानें वाचूं लागली, अडखळली, चुकली, तर हंसूं नका. चुकण्याची लाज वाटली कीं मूल बोलणेंच टाकतें, आणि न बोलणारी जीभ कोणतीही भाषा शिकत नाहीं. आपली मायबोलीही आपण अशाच बोबड्या बोलांनीं शिकलों, व त्या वेळीं घरांतील सर्वांनीं त्या बोबड्या बोलांचें कौतुकच केलें होतें.