थोरात असते तर

१९६२ च्या चीन युद्धातील पराभवाचा विषय महाराष्ट्रात, त्यातही कोल्हापूरकडे, निघाला की चहाचा दुसरा पेला येण्याच्या आत कोणी तरी लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरातांचे नाव काढतो, आणि ‘थोरात असते तर नेफा (आजचा अरुणाचल) गेला नसता’ हे वाक्य इतक्या निःशंकपणे उच्चारले जाते, की त्याला पुरावा मागणे म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांकडे वयाचा दाखला मागण्यासारखे वाटावे. थोरातांविषयी प्रस्तुत लेखकाला आदर आहे. पण त्यांच्या कर्तृत्वाची जी खरी मिळकत आहे, तिच्यावर आख्यायिकेने केलेले अतिक्रमण हटविल्यावाचून ती मोजता येणार नाही.

पहिला आणि सर्वांत लाडका गैरसमज असा, की थोरातांनी चिनी आक्रमणाचे भविष्य जणू तिथीवारासह वर्तविले होते. वस्तुस्थिती याहून साधी असून अधिक मोलाची आहे. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू येथे चकमक झाली आणि तोवर आसाम रायफल्सच्या हवाली असलेली नेफाची सीमा त्या वर्षअखेरीस लष्कराकडे आली. पूर्व विभागाचे सरसेनापती या नात्याने थोरातांनी ऑक्टोबर १९५९ मध्ये एक टिपण सरसेनाध्यक्ष जनरल थिमय्यांकडे रवाना केले, आणि मार्च १९६० मध्ये लखनौ येथे ‘लाल किल्ला’ या नावाच्या सरावात त्यातील प्रमेये कागदावर आणि नकाशावर ताडून पाहिली. हातच्या फौजेने आणि हातच्या रस्त्यांनी हा मुलूख राखता येणार नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. तो पंचांगातून काढलेला नव्हता, तर पलटणी, खेचरे, रस्ते आणि रसद यांच्या हिशेबातून काढलेला होता, आणि जमाखर्च नीट मांडणाऱ्या कारकुनाला जे वर्षाच्या आरंभीच दिसते, ते दिसायला द्रष्टेपण लागत नाही, मन घट्ट लागते.

त्यांची योजना मॅकमोहन रेषा इंच इंच लढवण्याची होती, ही समजूत तर थेट उलटी आहे. सीमेलगत हलकी ठाणी ठेवावी, त्यांनी वर्दी द्यावी, शत्रूचा वेळ खावा आणि माघार घ्यावी, आणि खरी झुंज बोमदिलासारख्या ठिकाणी, जेथे आपली रसद पोचते व शत्रूची डोंगर ओलांडून ताणली जाते, तेथे द्यावी, असे तिचे सूत्र होते. लष्करी दृष्टीने हे शहाणपणाचे होते. परंतु ते स्वीकारणे म्हणजे सीमेलगतचा पुष्कळ मुलूख, प्रसंगी तवांगसुद्धा, काही काळ शत्रूच्या टाचेखाली जाईल असे लोकसभेला सांगण्याची तयारी ठेवणे होते, आणि त्या वेळच्या लोकसभेचा आवेश पाहता ती तयारी कोणत्या मंत्र्याला झाली असती, हे थोरातांच्या भक्तांनी सहसा स्वतःला विचारलेले नाही.

शिवाय बोमदिला काही अजिंक्य नव्हता. नोव्हेंबर १९६२ मध्ये चिनी फौजा से-ला खिंडीच्या पूर्वेकडून, १९१३ साली बेली आणि मॉर्सहेड हे इंग्रज अधिकारी ज्या वाटेने आले होते त्या आडवाटेने, थेंबांगकडे उतरल्या आणि मागचा रस्ता त्यांनी तोडला. बोमदिल्याच्या पलटणी तोवर इकडेतिकडे विखुरल्या होत्या, हे खरे; थोरातांनी त्या विखुरू दिल्या नसत्या, असेही म्हणता येईल. पण ते अनुमान झाले, आणि अनुमानाला विजयाचा शिक्का मारता येत नाही.

आता वादातला नाजूक भाग. संरक्षणमंत्री कृष्ण मेननांनी थोरातांचे ते टिपण भयग्रस्ताची बडबड म्हणून झटकून टाकले, आणि युद्धानंतर नेहरूंनी थोरातांना बोलावून ते आपल्यापर्यंत का पोचले नाही असे विचारले, ही हकीकत सर्वत्र ठाम इतिहास म्हणून सांगितली जाते. ती मुख्यतः थोरातांच्याच आत्मचरित्रातून आलेली आहे. ती खोटी मानण्याचे कारण नाही. पण निवृत्त सेनापती आपल्याच दाव्यात साक्षीदार असतो, आणि १९६७ साली आपली बाजू मांडणाऱ्या लेफ्टनंट जनरल बी. एम. कौलांची साक्ष आपण चिमटीत धरून तपासतो, तर थोरातांची ओंजळीत का घ्यावी? हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा या पराभवावरील चौकशी अहवाल सरकारने कित्येक दशके दप्तरबंद ठेवल्यामुळे आत्मचरित्रांना इतका भाव आला आहे.

कौलांसाठी थोरातांचे सरसेनाध्यक्षपद हिरावले गेले, हाही प्रवाद सैल आहे. थिमय्यांनी थोरातांची शिफारस केली होती हे खरे, परंतु मे १९६१ मध्ये ते पद मिळाले जनरल थापरांना, आणि सेवाज्येष्ठतेत थापर थोरातांच्या पुढे होते. वशिल्याचा आरोप करायचा तर तो इतरत्र करावा. थिमय्यांच्या राजीनाम्याशी थोरातांच्या टिपणाचा संबंध जोडणाऱ्यांनी तर कालगणनाच पाहिलेली नसते, कारण राजीनामा १९५९ च्या ऑगस्टअखेरचा आहे आणि टिपण ऑक्टोबरचे.

थोरातांचा निवाडा करायचा तर नेफापेक्षा कोरिया अधिक उपयोगी पडतो. १९५३ साली कोरियन युद्ध थांबल्यावर बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांची जबाबदारी त्यांच्या सुमारे सहा हजार हिंदी जवानांवर होती, आणि मायदेशी परतण्यास नकार देणाऱ्या चिनी कैद्यांनी एका कुंपणात मेजर ग्रेवाल यांना धरून ठेवले. गोळीबार करून ग्रेवाल सुटले नसते, मेले असते. थोरात मोजक्या माणसांनिशी, हत्यारावाचून, खवळलेल्या जमावात शिरले, बोलत राहिले, आणि मेजरांना घेऊन बाहेर आले. या कामगिरीबद्दल त्यांना अशोकचक्र वर्ग २ मिळाले. कोणत्या धोक्यासमोर बंदूक खाली ठेवायची आणि कोणत्या धोक्यासाठी आणखी पलटणी मागायच्या, हा विवेक त्यांच्यापाशी होता.

राहता राहिला शेवटचा समज, की थोरातांमागून लखनौला, पूर्व विभागाच्या मुख्यालयात, कोणी अननुभवी बाहुले बसविले गेले. जानेवारी १९४५ मध्ये आराकानातील कांगाव येथे ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही हिंदी पलटणींचे नायक हिंदी होते: थिमय्या, थोरात आणि तिसरे एल. पी. सेन. थोरातांच्या दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीने ‘मेलरोज’ या सांकेतिक नावाची टेकडी संगिनी परजून घेतली, आणि त्या लढाईबद्दल तिघांनाही डी. एस. ओ. हे पदक मिळाले. मे १९६१ नंतर थोरातांच्या खुर्चीवर आले ते हेच सेन. आणि ऑक्टोबर १९६२ च्या पहिल्या आठवड्यात त्यांच्याच हाताखाली नवी चौथी कोअर उभी करून ती दिल्लीने कौलांच्या स्वाधीन केली, जे थोड्याच दिवसांत आजारी पडून राजधानीतल्या बिछान्यावरून हुकूम पाठवू लागले.