साथीचे दिवस आणि मधुमेहाचा रोगी

साथ आली म्हणजे सर्वांचें लक्ष त्या एका रोगावर खिळतें. परंतु इतर रोग कांहीं रजेवर जात नाहींत. मधुमेह हा त्यांपैकींच एक. एरवीं धीम्या पावलांनीं चालणारा हा रोग कधीं कधीं एकाएकीं असें उग्र रूप धारण करतो कीं, दिवसांचा नव्हे, तर तासांचा हिशेब करावा लागतो.

शरीरांत इन्सुलिन फारच अपुरें पडलें म्हणजे रक्तांत साखर विपुल असूनही पेशींना ती वापरतां येत नाहीं. मग शरीर चरबी जाळूं लागतें, आणि त्यांतून कीटोन नांवाचीं आम्लधर्मी द्रव्यें रक्तांत सांचतात. अतिशय तहान, वारंवार लघवी, ओकाऱ्या, पोटदुखी, खोल व जलद श्वास आणि शेवटीं ग्लानि, हीं या अवस्थेचीं लक्षणें होत. इस्पितळांत शिरेवाटे क्षारजल व इन्सुलिन देऊन, रक्तांतील पोटॅशियमवर नजर ठेवून, रोग्यास बहुधा वांचवितां येतें. मात्र तो वेळेवर तेथें पोंचला पाहिजे.

नेमकी ही वेळच साथींत हुकते. २०२० सालच्या कोविडच्या साथींत याचा प्रत्यय जर्मनींत आला. त्या वर्षीं १३ मार्च ते १३ मे या काळांत ज्या मुलांना पहिल्या प्रकारचा मधुमेह नव्यानें झाल्याचें आढळलें, त्यांपैकीं शेंकडा ४४.७ मुलें निदानाच्या वेळींच या आम्लविकारानें ग्रासलेलीं होतीं. आदल्या वर्षीं त्याच काळांत हें प्रमाण शेंकडा २४.५ होतें. वैद्यकीय सेवांचा संकोच आणि दवाखान्याची पायरी चढण्याची भीति, हीं यामागचीं संभाव्य कारणें म्हणून संशोधकांनीं पुढें मांडलीं.

ही भीति समजण्यासारखी आहे; पण येथें ती घातक ठरते. श्वास जलद झाला कीं साथीचाच संशय येतो, आणि तहानेकडे दुर्लक्ष होतें. शिवाय ज्वर आला असतां शरीरास इन्सुलिन बहुधा अधिकच लागतें. रोगी जेवत नाहीं, म्हणून पहिल्या प्रकारच्या मधुमेहांत तें अजीबात बंद करणें म्हणजे संकटास आमंत्रण देणें होय. अशा वेळीं रक्तांतील साखर वारंवार तपासावी, पाणी पाजीत राहावें व डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ओकाऱ्या थांबत नसल्यास किंवा ग्लानि येऊं लागल्यास रोग्यास तत्काळ इस्पितळांत न्यावें. साथीच्या भयानें घराचें दार बंद ठेवणें शहाणपणाचें असेल. पण असा रोगी घरांत असतां तें वेळीं उघडणें हेंही तितकेंच शहाणपणाचें आहे.